वाक्यात उपयोग करा, पण कुणाच्या वाक्यात?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. मुलांना अवघड इंग्रजी शब्द शिकवू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. शिकवा, भरपूर शिकवा. पण आपण इंदुरात ते ज्या पद्धतीनं शिकवतोय, म्हणजे रोज दहा शब्द, समोर हिंदी अर्थ, खाली एक वाक्य आणि रविवारी टेस्ट, त्यातून शब्द अंगी लागत नाहीत, शब्दांची भीती आणि शब्दांचा तोरा एवढंच पदरात पडतं. यात मुलांचा दोष नाही, कोचिंगवाल्यांचा थोडाफार, आणि सगळ्यात जास्त पेपर काढणाऱ्यांचा आणि त्या पेपरांना घरबसल्या माना डोलावणाऱ्या आपल्यासारख्या काका-मामांचा आहे.

भंवरकुआं चौराह्यावर संध्याकाळी एकदा उभं राहून बघा. भोलाराम उस्ताद मार्गावर जिकडेतिकडे कोचिंग, होस्टेल, टिफिन सेंटर, महिन्याच्या भाड्यानं खुर्ची देणाऱ्या लायब्रऱ्या, आणि फोटोकॉपीच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगचे ढीग. खरगोन, धार, झाबुआ, बडवानीची पोरं, बुऱ्हाणपूरकडची मराठी बोलणारीसुद्धा. ज्यांना एमपीपीएससी, म्हणजे राज्याच्या लोकसेवा आयोगाची परीक्षा, द्यायचीये त्यांचं एक ठीक आहे, त्यांच्या मुख्य परीक्षेत हिंदीचा पेपर असतो. पण शेजारच्याच खुर्चीवर जो एसएससीची (दहावीची नव्हे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची) तयारी करतोय त्याचे हाल बघवत नाहीत. त्यांच्या सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे, म्हणजे २०० पैकी ५० मार्क, आणि चुकलं की अर्धा मार्क कापला. त्या २५ मध्ये समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार आणि अनेक शब्दांबद्दल एक शब्द हे ठरलेले पाहुणे. मग पोरगं काय करणार, यादी घेऊन बसतं. राजाचा खून रेजिसाइड, भावाचा फ्रॅट्रिसाइड, आईचा मॅट्रिसाइड, बापाचा पॅट्रिसाइड, बायकोचा अक्झोरिसाइड. इतके खून पाठ झालेला मुलगा उद्या इन्कम टॅक्स इन्स्पेक्टर होतो, आणि समोरच्या माणसाला 'तुमचं उत्तर पंधरा दिवसांत आलं नाही तर पुढची कारवाई होईल' एवढं एक वाक्य इंग्रजीत नीट लिहायची वेळ आली की जुन्या फाइलीतून कॉपी करतो.

हे मी चेष्टेनं सांगत नाहीये. त्या मुलाला कष्टाची कमी नाही, डोकंही आहे. त्याच्याकडून जे मागितलं गेलं ते त्यानं दिलं, एवढंच.

आता शाळांकडे येऊ, कारण रोग तिथूनच सुरू होतो. आपल्या लहानपणी मराठीच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा, 'वाक्यात उपयोग करा', आणि आपण सगळे 'आईनं मला त्याचा अर्थ सांगितला' छापाचं काहीतरी खरडून मार्क घ्यायचो. इंग्रजी शाळांनी तोच प्रश्न उचलला. सकाळच्या प्रार्थनेत 'वर्ड ऑफ द डे', वहीत रोजचे शब्द, प्रत्येकाचं एक वाक्य. माझी भाची रामबागेत माझ्याकडे वही घेऊन बसते तेव्हा मी ती वाक्यं वाचतो, तिच्या मैत्रिणींच्या वह्याही कधीमधी बघायला मिळतात. 'ही इज अ ग्रेगेरियस मॅन.' 'ही इज अ पार्सिमोनियस मॅन.' 'ही इज अ टॅसिटर्न मॅन.' अहो, हा माणूस आहे तरी कोण? मिळून-मिसळून राहणारा, कंजूष आणि अबोल, सगळं एकाच पानावर. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, मॅडमची बरोबरची खूण, पण त्या वाक्यातून मुलीला शब्द कळलाय की नाही हे कुणालाच कळत नाही, कारण त्या जागी दुसरं कुठलंही विशेषण टाकलं असतं तरी वाक्य तितकंच उभं राहिलं असतं.

दुसरी जात याहून मजेशीर. 'एग्झॅसरबेट' म्हणजे बिघडवणं, असं यादीत लिहिलंय. तर एकीनं लिहिलं, 'माय ब्रदर एग्झॅसरबेटेड माय मोबाइल.' मी हसलो, मग विचारात पडलो, कारण यादीप्रमाणे तिचं शंभर टक्के बरोबर होतं. भावानं मोबाइल बिघडवला, बिघडवणं म्हणजे एग्झॅसरबेट, मग चुकलं कुठे? चुकलं असं की इंग्रजीत हा शब्द चांगल्या वस्तूच्या वाटेला जातच नाही, तो आधीच वाईट असलेल्या गोष्टीला आणखी वाईट करतो, दुखणं, भांडण, टंचाई, दमा, वाहतुकीची कोंडी, अशांनाच तो लागतो. हे समोरच्या एका शब्दाच्या अर्थातून कळणं शक्यच नाही. हे कळतं तो शब्द चार-पाच वेगवेगळ्या खऱ्या वाक्यांत भेटला की. नुसती यादी पाठ असणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतल्या सगळ्यांची नावं पाठ असणं, पण कोण कुणाचा व्याही आणि कोण कुणाशी बोलत नाही हे ठाऊक नसणं.

जे. आर. फर्थ नावाचा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होऊन गेला, त्यानं १९५७ मध्ये हेच सांगून ठेवलंय, शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. हा माणूस १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवायचा, आपल्याकडचीच पोरं समोर बसवून. आणि त्याच काळात मायकल वेस्ट नावाचा दुसरा एक गृहस्थ ढाक्याला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होता, त्यानं बघितलं की बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी एक साधं पुस्तक सुखानं वाचू शकत नाहीत, कारण त्यांच्या धड्यांत पावलोपावली असा शब्द येतो जो पुन्हा जन्मात भेटणार नाही. मग त्यानं उलटं केलं, कमी शब्द, तेच तेच शब्द, पण वाचन भरपूर. पुढे १९५३ मध्ये त्याची सुमारे २,००० सर्वात कामाच्या शब्दांची यादी आली, आणि साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द त्या यादीतलेच असतात असं पुढे मोजणाऱ्यांना दिसलं. म्हणजे कमी शब्द नीट शिकवा हा विचार लंडनच्या चहाच्या टेबलावर नाही, ढाक्याच्या वर्गात सुचलेला आहे. आणि आपण त्याच्या नेमकं उलट करून बसलोय, तेही त्याच उपखंडात.

आकडे निघालेच आहेत तर आणखी दोन सांगतो, मग नाही. २००० साली एव्हरिल कॉक्सहेड नावाच्या बाईंनी कॉलेजच्या अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणारे ५७० शब्द वेगळे काढले, म्हणजे ५७० शब्दकुळं, प्रत्येकात त्याचे भाऊबंद धरून. अशा लिखाणातला साधारण दहावा हिस्सा तेवढ्यानंच व्यापलेला असतो. 'अ‍ॅनलाइज', 'एस्टिमेट', 'सिग्निफिकंट', 'कॉन्ट्रास्ट', 'अझ्यूम' असले शब्द. यातला एकही शब्द पार्टीत मिरवण्यासारखा नाही, म्हणून कोचिंगच्या पोस्टरवर कधी दिसत नाही. दुसरा आकडा पॉल नेशन यांचा, २००६ चा, की वर्तमानपत्र-कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. म्हणजे मोठा शब्दसाठा लागतो हे खरंच आहे, मी नाकारत नाही. फक्त त्यातला हजारावा शब्द अजून पक्का नसताना आपण मुलाला थेट शेवटच्या टोकाला नेऊन उभं करतोय.

आणि मधले कुठले राहतात? 'अनलेस' राहतो. 'डिस्पाइट' राहतो, 'व्हेअरॅज', 'प्रोव्हायडेड दॅट', 'इन्स्टेड' राहतात. हे शब्द कुठल्याच अ‍ॅडव्हान्स्ड यादीत नसतात आणि सगळ्यात जास्त चुका यांच्यातच होतात. आपण मराठीत म्हणतो, 'जोपर्यंत फी भरत नाही तोपर्यंत हॉलतिकीट मिळणार नाही.' हिंदीतही 'जब तक फीस नहीं भरोगे'. दोन्हीकडे नकार लागतो. इंग्रजी 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच बसलेला आहे, पण आपलं पोर सवयीनं लिहितं 'अनलेस यू डोन्ट पे', आणि अर्थ उलटा होतो, फी भरली तर हॉलतिकीट मिळणार नाही असा. इंदूरच्या मराठी मुलावर हा मार दोन्ही बाजूंनी आहे, घरी मराठी, रस्त्यावर मालवी हिंदी, दोन्हींची मोड सारखी. पण याचा दुसरा अर्थ असा की त्याला ही गोष्ट समजावणं फार सोपंही आहे, दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की झालं. कुठल्या मास्तरानं ठेवलेली मी तरी बघितली नाहीत. 'पेरिफ्रॅस्टिक'ला, म्हणजे आडवळणानं बोलण्याला, वेळ असतो.

तोऱ्याबद्दल बोललो नाही तर लेख अपुरा राहील. २०१७ मध्ये शशी थरूरांनी एका ट्वीटमध्ये 'फॅरागो' (म्हणजे भेसळीची खिचडी) हा शब्द वापरला आणि अख्खा देश डिक्शनरी उघडून बसला, पुढच्या वर्षी तर त्यांनी एकोणतीस अक्षरांचा एक शब्द काढला जो मी इथे लिहिणार नाही कारण टाइप करता करता चहा निवेल. थरूरांवर माझा राग नाही, त्यांना ते शब्द खरेच येतात आणि त्यांची त्यात गंमतही असते. पण आपल्याकडे लोकांनी त्यातनं धडा असा घेतला की मोठा शब्द म्हणजे मोठी अक्कल. गणेशोत्सवात मंडळाच्या भाषण स्पर्धेत बघा, सहावीतला मुलगा पर्यावरणावर इंग्रजीत बोलतो, त्यात 'अ‍ॅन्थ्रोपोजेनिक' येतो, 'पर्निशस' येतो, टाळ्या पडतात, आणि खाली उतरल्यावर त्याला विचारा की बाळ, खान नदीबद्दल काही सांग ना इंग्रजीत, आपल्या शहरातूनच वाहते, तर तो आईकडे बघतो.

याच्यावर एक अभ्यास झालेला आहे आणि त्याची गंमत म्हणजे त्याचं शीर्षकच मुद्दाम बोजड ठेवलेलं होतं. डॅनियल ओपनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००६ मध्ये दाखवलं की तोच मजकूर साध्या शब्दांऐवजी उगाच जड शब्दांत लिहिला की वाचणारे लिहिणाऱ्याला कमी हुशार समजतात. त्याच वर्षी त्याला इग नोबेलही मिळालं, साहित्याचं. आपल्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसच्या इमारती उभ्या आहेत, तिथे किंवा तशा कंपन्यांत इंटरव्ह्यूला जाणारी मुलं 'आय अ‍ॅम अ‍ॅन असिड्युअस अँड मेटिक्युलस पर्सन', म्हणजे मी चिकाटीचा आणि काटेकोर माणूस आहे, असं पाठ करून जातात, समोरच्यानं ते त्या दिवशी कितव्यांदा ऐकलेलं असतं देव जाणे. नोकरीत लागतं काय तर क्लायंटला ईमेल, की काम गुरुवारी होणार होतं ते सोमवारी होईल, चूक आमची आहे पण पूर्ण आमची नाही, आणि हे वाचून त्यानं भडकू नये. या एका ईमेलमध्ये जेवढं इंग्रजी लागतं तेवढं शंभर शब्दांच्या टेस्टमध्ये लागत नाही.

बरं, ते शब्द बोलायचे तरी कसे? सगळे कागदावरून शिकलेले. 'एपिटोम' म्हणणारा मुलगा मी कित्येकदा ऐकलाय, ते 'एपिटमी' आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, 'हायपरबोल'चं 'हायपर्बली' होतं हेही नाही. यात त्याची चूक शून्य. ज्याच्या घरात, गल्लीत, शाळेत तो शब्द कुणी कधी उच्चारलाच नाही त्यानं तो ऐकायचा कुठून. आणि मग ग्रुप डिस्कशनमध्ये एकदा कोणी हसलं की तो मुलगा पुढे तोंडच उघडत नाही. एवढ्या मेहनतीनं मिळवलेला शब्द त्याच्याच मानगुटीवर बसतो.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशी बोलतो, कारण इथपर्यंत वाचून ते खूश झाले असतील. सानंद या आपल्या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात वडा खाता खाता हमखास भेटणारे एक काका असतात, 'मी तर म्हणतो सोडा ते इंग्रजी, मातृभाषेत सगळं होतं, जपानमध्ये बघा.' काका, तुमचा मुलगा टोरांटोत आहे आणि नातू मराठीत तुमच्याशी फोनवर दोन वाक्यं बोलतो. इंग्रजी सोडा हा सल्ला आपल्याकडे नेहमी ज्यांचं भागलंय ते ज्यांचं भागायचंय त्यांना देतात. झाबुआच्या मुलाला इंग्रजी शब्दांची गरज माझ्या भाचीपेक्षा जास्त आहे, कमी नाही, कारण तिच्याकडे निदान घरात एक मामा आहे वही बघायला.

आणि गरज कुठल्या शब्दांची आहे हे जरा नोकरीच्या बाहेर येऊन बघा. हॉस्पिटलच्या कागदावर 'बेनाइन' लिहिलेलं असतं आणि घरचे रडायला लागतात, कारण बायोप्सी झाली म्हणजे तोच आजार असं डोक्यात बसलेलं असतं, बेनाइन म्हणजे कॅन्सर नाही हे सांगायला डॉक्टर भेटेपर्यंत रात्र जाते. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे भयंकर असं बहुतेकांना वाटतं, पण डॉक्टरी भाषेत त्याचा रोख अचानक सुरू झालेलं याकडे असतो, आणि 'क्रॉनिक' म्हणजे बराच काळ चाललेलं. मेडिक्लेमच्या पॉलिसीत 'एक्सक्लूजन', 'वेटिंग पिरिअड', 'को-पे'. बँकेच्या कागदात 'लीन', 'इन्डेम्निटी', 'वेव्हर'. प्लॉटच्या कागदात 'नॉटविथस्टँडिंग' आणि 'हिअरिनाफ्टर'. हे सगळे अ‍ॅडव्हान्स्ड शब्दच आहेत की! अवघड आहेत, लांब आहेत, आणि ते न कळल्यानं खरंच पैसे जातात, झोप जाते. मग ते आठवी-नववीच्या वहीत का नाहीत? 'लॅक्रिमोज' म्हणजे रडवेला हे मुलीला माहीत आहे आणि आजोबांच्या पॉलिसीतला 'को-पे', म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, घरात कुणालाच माहीत नाही, ही उतरंड ज्यानं लावली त्याला एकदा भेटायचंय.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आली, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. त्यावर खूप चेष्टा झाली, कारण आत बघितलं तर बऱ्याच इंग्रजी संज्ञा तशाच, फक्त देवनागरीत, बाकी वाक्य हिंदी. मला त्यात चेष्टेसारखं काही दिसत नाही. डॉक्टरी नीट शिकायची तर 'पॅन्क्रियाज'ला पॅन्क्रियाजच म्हणा, जगभर तेच चालतं, पण ते काय काम करतं हे आधी स्वतःच्या वाक्यात कळू दे. ती पुस्तकं किती चालतील न चालतील तो वेगळा वाद, पण शब्द परका आणि वाक्य आपलं, ही शिकण्याची पहिली पायरी असू शकते हे त्यात मान्य झालंय. पुढच्या पायरीला वाक्यही इंग्रजीत यायला हवं, अर्थातच, आणि तेही आपलंच असलं पाहिजे, गाइडातलं नाही.

एका कोचिंगच्या सरांशी माझा यावर वाद झाला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं, भिया, पेपरात जे येतं ते शिकवतो, यादीनं सिलेक्शन होतं, तुमच्या वाक्यांनी होत नाही. आणि ते अर्धे बरोबर आहेत, हे कबूल केलं पाहिजे. पाठांतराला शिव्या घालायची एक फॅशन आहे, मी त्यात नाही. आपण पाढे पाठ केले, रामरक्षा पाठ केली, काही वाईट झालं नाही. शब्दही ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा बघितले तर टिकतात, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून लिहिलं होतं आणि आजचे सगळे फ्लॅशकार्डवाले अ‍ॅप त्याच पायावर उभे आहेत. पण त्यानं पाठ केली होती मुद्दाम बनवलेली अर्थहीन अक्षरं, अर्थाची मदत होऊ नये म्हणून! आपण अर्थ असलेले शब्द घेतो आणि ते अर्थहीन असल्यासारखे घोकतो, म्हणजे त्या बिचाऱ्याला प्रयोगासाठी जी अडचण मुद्दाम तयार करावी लागली ती आपण मुलांना फुकट देतो.

पण सरांचा खरा मुद्दा पेपरचा आहे, आणि तिथेच बदल शक्य आहे. लाखो मुलं बसतात, उत्तरं कॉम्प्युटर तपासतो, निबंध कोण तपासणार, हे ठीक. पण पर्यायी उत्तरांतही शब्द वाक्यात बसवून विचारता येतो. एसएससीच्याच पेपरात क्लोज टेस्ट असते, उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या, तिथे मुलाला आजूबाजूचं वाचावंच लागतं. त्याच प्रकारचे प्रश्न वाढवा आणि खून-मालिका बंद करा, एका वर्षात भंवरकुआंच्या नोट्स बदलतील, कोचिंगवाले फार चटपटीत लोक आहेत. अमेरिकेत हे होऊन गेलंय. तिथल्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठीच्या जीआरईमध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न होते, त्यासाठी आपल्याकडची इंजिनिअर मुलं साडेतीन हजार शब्दांच्या याद्या पाठ करायची, २०११ मध्ये त्यांनी ते दोन्ही प्रकार काढून टाकले आणि सगळं वाक्यात आणि उताऱ्यात आणलं. बारावीनंतर तिथल्या कॉलेजात जायला लागणाऱ्या एसएटीनं जोड्या २००५ मध्येच काढल्या होत्या, २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांचा सोसही सोडला. आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या आपल्या कॅटमध्येही आता इंग्रजीचा भर उतारे वाचण्यावर आहे, सुटे शब्द कुणी विचारत नाही. म्हणजे आयआयएममध्ये जायला यादी लागत नाही आणि सरकारी कारकुनीला लागते. राऊच्या टेकडीवरच्या आयआयएमला आणि भंवरकुआंच्या लायब्ररीला जोडणारा रस्ता एकच आहे, पण परीक्षा दोन वेगळ्या शतकांतल्या वाटतात.

शाळांना तर कुणाची परवानगीही नको. रोज दहाऐवजी आठवड्याला तीन शब्द घ्या. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य असं मागा जे फक्त त्या मुलाच्या घरातलं असेल, आणि एक असं जिथे हा शब्द बसेल पण त्याचा समानार्थी बसणार नाही. दुसरं जाम अवघड आहे, मोठ्यांनाही जमत नाही, म्हणूनच त्यात मजा आहे. 'मिटिगेट' घ्या, म्हणजे त्रासाची धार कमी करणं, त्यावर एका मुलानं लिहिलेलं मी वाचलं, की नगर निगमनं ओला-सुका कचरा वेगळा घ्यायला लागल्यापासून आमच्या कॉलनीतला वासाचा त्रास मिटिगेट झाला, संपला नाही. हे 'संपला नाही' वाचून मी त्याला पूर्ण मार्क दिले असते, कारण शब्द नेमका तिथेच कळलेला दिसतो. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय असं वाक्य तर गाइडही देईल. वास संपला नाही हे तिथे राहणाराच लिहिणार.

यावर कुणीतरी म्हणेलच की आता चॅटजीपीटी आहे, मुलगा त्याला सांगेल आणि ते वाक्य लिहून देईल. देईल ना, 'ही इज अ ग्रेगेरियस मॅन' तर ते सेकंदात दहा तऱ्हांनी देईल, त्यामुळे तो गृहपाठ मेलेलाच आहे, त्याचं तेरावं घालून मोकळे व्हा. पण वासाचं वाक्य मागायला मुलाला आधी ठरवावं लागतं की मला काय म्हणायचंय, आणि ते ठरलं की अर्धं काम झालं. शिवाय तोंडी विचारा की. बाईंनी वर्गात उभं करून विचारलं, हा त्रास मिटिगेट झाला म्हणतोस, मग सॉल्व्ह झाला का नाही म्हणालास, तर मशीन काय उत्तर देणार त्याच्या खिशातून.

शिक्षकांकडे एवढा वेळ नसतो, हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. एका वर्गात पन्नास मुलं, निवडणुकीची ड्युटी, जनगणना, वरून पोर्टलवर भरायची माहिती. प्रत्येकाची दोन वाक्यं खरंच वाचायची तर संध्याकाळ जाते, बरोबरची खूण करायला पाच मिनिटं लागतात. पण या शहरात रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागांत बँकेतून, एलआयसीतून, कॉलेजांतून रिटायर झालेली किती मराठी माणसं आहेत ज्यांनी आयुष्यभर इंग्रजीत पत्रं ड्राफ्ट केली, नोटिंग लिहिलं, साहेबानं लाल शाईनं सुधारलेलं पुन्हा लिहिलं, आणि जी आता सकाळी फिरून आल्यावर मोबाइलवर सुविचार पुढे ढकलतात. पॉलिसीतला 'एक्सक्लूजन' आणि गहाणखतातला 'लीन' शिकवायला यांच्याहून लायक माणूस कुठल्या कोचिंगमध्ये मिळणार? उन्हाळ्यात आपली मंडळं संस्कार शिबिरं घेतातच, त्यात एक तास यांना द्या, दहा मुलं आणि एक आजोबा, मुलांनी आपली वाक्यं वाचायची आणि आजोबांनी फक्त विचारायचं, याचा अर्थ काय झाला रे, आणि हे तू खरंच बघितलंस का. शुद्धलेखनावरून कान पिळणारे दोन-चार आजोबा निघतील, त्यांना चहाच्या व्यवस्थेवर बसवा. फी ठेवायची गरज नाही, पण भंवरकुआंच्या होस्टेलांतल्या मुलांसाठी दार उघडं ठेवा, तिथे नोटीस लावा, हिंदीत लावा, कारण आपण शिबिर भरवतो आणि मग फक्त आपल्याच आडनावांची मुलं येतात.